पायाच्या भिंतीतील जलद्वारे

पुरापासून घर राखायचे म्हणजे पाण्याला दाराबाहेर थोपवायचे, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की असते की, पायाच्या भिंतीत मुद्दाम भोके ठेवा असे बजावणारा सरकारी नियम प्रथम वाचणारा मनुष्य बुचकळ्यात पडतो. अमेरिकेतील पूरप्रवण भागांत हा नियम कित्येक दशके अमलात आहे, आणि न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही त्याच्याशी गाठ पडल्यावाचून राहत नाही.

तिकडील पुष्कळ घरांखाली, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतींनी वेढलेली, माणसाने वाकून किंवा सरपटत जावे एवढ्याच उंचीची पोकळी असते आणि तिच्यावर लाकडी तक्तपोशी असते. पूर आला की बाहेर पाणी चढते, आत मात्र पोकळी कोरडी राहते, आणि मग उभ्या पाण्याचा सारा भार भिंतीवर एकाच अंगाने पडतो. एक मीटर पाणी चढले तर दहा मीटर लांबीच्या भिंतीवर सुमारे पाच टन दाब येतो. आणि पाण्याची उंची दुप्पट झाली की हा दाब दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे वीस टन होतो. सळ्या न घातलेली भिंत अशा भाराखाली आत कोसळते व वरचे घर तिच्यासह बसते. पाणी भोकांतून आत शिरू दिले, तर दोन्हीकडील पातळी सारखी राहून दाब दाबाला तोलतो. पूर ओसरतानाही आत कोंडलेले पाणी भिंतीला बाहेर लोटण्याऐवजी आल्या वाटेने निघून जाते. पाण्याशी झुंजण्यापेक्षा त्याचा स्वभाव ओळखून त्याला वाट देणारी ही युक्ती मला स्थापत्यातील खऱ्या शहाणपणाची वाटते.

नियमाचे मापही सुबोध आहे. बंदिस्त जागेच्या दर चौरस फुटामागे एक चौरस इंच उघडे क्षेत्र, निदान दोन द्वारे, आणि प्रत्येकाचा तळ जमिनीपासून एक फुटाहून उंच नको. बाराशे चौरस फुटांच्या पोकळीला, जाळीच्या पट्ट्या वजा जाता, बाराशे चौरस इंच मोकळीक हवी. अभियंत्याने प्रमाणित केलेल्या झडपांना यापेक्षा कमी जागा पुरते. परंतु मुख्य अट अशी की, माणसाचा हात न लागता पाणी आत-बाहेर झाले पाहिजे. कारण पूर मध्यरात्रीही येतो. म्हणूनच थंडीत वारा येऊ नये म्हणून हाताने बंद करायचे साधे हवेचे झरोके, ते कायमचे उघडे ठेवल्याखेरीज, या हिशेबात धरले जात नाहीत.

या नियमाला धार आली ती विम्यामुळे. अमेरिकेतील नेहमीच्या घरविम्यात पुराची भरपाई सहसा नसते. म्हणून 1968 साली तेथील संसदेने राष्ट्रीय पूरविमा योजना स्थापन केली, आणि ज्या गावाने बांधकामाचे हे नियम स्वीकारले त्याच्याच रहिवाशांना हा विमा मिळेल अशी शर्त घातली. 1973 च्या कायद्याने, केंद्र सरकारच्या नियंत्रणाखालील सावकारी संस्थेकडून कर्ज काढून धोक्याच्या पट्ट्यात घेतलेल्या घराला हा विमा सक्तीचा झाला. ज्या पुराची शक्यता दरसाल शेकडा एक, त्याच्या आवाक्यातील भूमी म्हणजे हा पट्टा. ‘शंभरांत एक’ ऐकून मनुष्य निश्चिंत होतो. परंतु तीस वर्षांच्या गहाणाच्या मुदतीत हीच शक्यता शेकडा सव्वीसपर्यंत जाते.

द्वारे ठेवल्याने खालची जागा कोरडी राहत नाही, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ती गाडी ठेवण्यास, येण्याजाण्यास व अडगळीस एवढ्याच कामी वापरायची असते; विमापत्रातही उंच मजल्याखालील सामानाला संरक्षण फारच तोकडे असते. तेव्हा घर घेऊ पाहणाऱ्याने मोजणीदाराचा उंचीचा दाखला आधी मागून, त्यातील द्वारांची संख्या व उघडे क्षेत्र पोकळीच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावे, आणि घराभोवती एक फेरी मारून कोणी ती द्वारे फळी ठोकून बुजवलेली तर नाहीत ना, याचीही खात्री करून घ्यावी. कर्जाशी संबंध नसलेला नवा विमा सामान्यतः तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाची वार्ता येईपर्यंत थांबलेल्याला तो त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही.