दीक्षान्त भाषण: व्यासपीठ आणि समोरचे श्रोते

विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात कुलपती, कुलगुरू किंवा निमंत्रित पाहुणा नव्या पदवीधरांना उद्देशून जे भाषण करतो, त्याला दीक्षान्त भाषण म्हणतात. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील अकराव्या अनुवाकात, म्हणजे पाठाच्या अकराव्या खंडात, अध्ययन पुरे करून निघालेल्या शिष्याला आचार्यांनी केलेला उपदेश आहे, आणि भारतातील अनेक विद्यापीठांत या प्रसंगी तो आजही म्हटला जातो. त्यातील सत्य, धर्म आणि स्वाध्याय यांविषयीची वचने सर्वांना ठाऊक असतात. परंतु आमच्या आचरणात जे चांगले असेल तेवढेच तू घ्यावेस, इतर घेऊ नयेस, असेही आचार्य त्याच उपदेशात सांगतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. उपदेश करणाऱ्यालाही पारखून घेण्याचा अधिकार येथे खुद्द उपदेश करणाराच शिष्याला देतो. आधुनिक भारतातील ज्या दीक्षान्त भाषणांना इतिहासात जागा मिळाली, त्यांचा विचार या अधिकाराला सोडून करता येत नाही.

समारंभाचे आजचे रूप मात्र इंग्लंडमधून आले. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी होती, अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चालत असे, आणि त्यामुळे विद्यापीठ नावाची संस्था विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसण्याचा जवळजवळ एकमेव दिवस म्हणजे पदवीदानाचा दिवस होता. झगे घातलेल्या अधिसभा सदस्यांची मिरवणूक, पदवीधरांना कुलपतींपुढे सादर करणे, आयुष्यभर या पदवीला शोभेल असे वागा ही त्यांना दिलेली आज्ञा, आणि मग भाषण, असा हा क्रम होता. मुंबईत १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे १८७४ मध्ये जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार पदवीदानाचे कावसजी जहांगीर सभागृह बांधून पूर्ण झाले, आणि १८९३ मध्ये भांडारकर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कुलपतिपद मात्र गव्हर्नरकडे, कलकत्त्यात तर त्या काळी व्हाइसरॉयकडेच होते, म्हणजे पदवी देणारा हात आणि राज्य करणारा हात एकच होता, आणि पुढच्या संघर्षाचे मूळ याच रचनेत होते.

हा संघर्ष ११ फेब्रुवारी १९०५ रोजी कलकत्त्यात उघड झाला. त्याआधीच्या वर्षी विद्यापीठांवरील सरकारी नियंत्रण वाढवणारा कायदा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी करून घेतला होता, त्यामुळे सुशिक्षित वर्ग आधीच दुखावलेला होता. अशा वेळी कर्झन यांनी कुलपती या नात्याने भाषण करताना सत्याचा सर्वोच्च आदर्श ही बऱ्याच अंशी पाश्चात्त्य कल्पना आहे आणि पूर्वेकडे धूर्तपणाला मान मिळत आला आहे, असे प्रतिपादन केले. याला जे उत्तर मिळाले ते विद्वत्तेच्या दृष्टीनेही अचूक होते. ‘प्रॉब्लेम्स ऑफ द फार ईस्ट’ या आपल्या पुस्तकात कर्झन यांनीच लिहिले होते की, कोरियातील परराष्ट्र खात्याच्या प्रमुखाने वय विचारले असता, तेहतीस वर्षांच्या माणसाला तेथे मान मिळणार नाही म्हणून त्यांनी चाळीस सांगितले होते. हा उतारा ‘अमृत बझार पत्रिके’ने छापला, तो भगिनी निवेदितांनी शोधून दिला असे मानले जाते. मार्चमध्ये रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षतेखाली टाउन हॉलमध्ये निषेधाची सभा झाली, आणि ऑक्टोबरमध्ये बंगालची फाळणी अमलात आली तेव्हा या अपमानाची आठवण ताजी होती. वक्त्याचे वचन त्याच्याच आचरणावर घासून पाहण्याचे याहून स्पष्ट उदाहरण या परंपरेत सापडणे कठीण आहे.

त्याच विद्यापीठात ६ फेब्रुवारी १९३२ रोजी गव्हर्नर आणि कुलपती स्टॅन्ली जॅक्सन भाषण करीत असताना, पदवी घेण्यासाठी आलेल्या बीना दास यांनी त्यांच्यावर रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या. जॅक्सन बचावले, कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी बीना दास यांना पकडले, आणि त्यांना नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. रोखलेली पदवी विद्यापीठाने २०१२ मध्ये मरणोत्तर दिली. हिंसेचे समर्थन न करताही एवढे म्हणता येते की, आपली पदवी कोणाच्या हातून स्वीकारायची हा प्रश्न त्या दिवशी एका विद्यार्थिनीने प्राण पणाला लावून विचारला होता.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३७ मध्ये, कुलगुरू श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या निमंत्रणावरून रवींद्रनाथ ठाकूर दीक्षान्त भाषणासाठी आले आणि बंगालीत बोलले. विद्यापीठ स्थापन होऊन ऐंशी वर्षे झाली होती, आणि तेथील दीक्षान्त भाषण प्रांताच्या भाषेत होण्याची ही पहिलीच वेळ होती. परक्या भाषेतून मिळणारे शिक्षण मनात मुरत नाही आणि लोकांपर्यंत पोहोचत नाही, हा विचार रवींद्रनाथ १८९२ मधील ‘शिक्षार हेरफेर’ या निबंधापासून मांडत आले होते, म्हणून भाषणाची भाषा हाच त्या भाषणाच्या आशयाचा मोठा भाग होता. शालेय शिक्षणही पुरे न केलेल्या, परीक्षा देऊन कोणतीही पदवी न मिळवलेल्या कवीला पदवीधरांपुढे उभे करण्यात विद्यापीठानेही मनाचा मोठेपणा दाखवला, हे नोंदवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर सत्ताधीश आणि पदवीधर यांचे नाते पालटले, तरी व्यासपीठावरून कठीण गोष्ट बोलण्याची जबाबदारी संपली नाही. जवाहरलाल नेहरू २४ जानेवारी १९४८ रोजी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दीक्षान्त भाषणासाठी गेले, तेव्हा फाळणीच्या जखमा ओल्या होत्या आणि पाकिस्तानच्या चळवळीचे एक केंद्र म्हणून त्या विद्यापीठाकडे संशयाने पाहिले जात होते. नेहरूंनी तेथे दोषारोप केला नाही, आणि खुशामतही केली नाही. भारताच्या प्राचीन वारशाचा आपल्याला अभिमान वाटतो असे सांगून, तुम्हीही स्वतःला या वारशाचे वाटेकरी मानता की तो परका समजून बाजूने निघून जाता, असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले. धर्म वेगळा असला तरी हा सांस्कृतिक वारसा जितका माझा तितकाच तुमचा आहे, असेही ते म्हणाले. पंतप्रधानाने उत्तर लादण्याऐवजी प्रश्न विचारावा आणि ज्यांच्या निष्ठेविषयी देशभर शंका घेतली जात होती, त्या तरुणांनाच त्याचा निवाडा करू द्यावा, यात त्या श्रोत्यांविषयीचा जो आदर होता, तो त्या महिन्यातील दिल्लीच्या वातावरणात दुर्मिळ होता.