वस्तऱ्याचा सौदा आणि पट्ट्याचे कापड

ब्लेडचा रोजचा खर्च वाचेल म्हणून हौसेने वस्तरा घरी आणणारे आम्हाला अनेकदा भेटतात. दोन महिन्यांत तो कपाटात जाऊन पडतो. कसूर वस्तऱ्याची नसते, सौदाच अर्धवट केलेला असतो. वस्तऱ्याबरोबर पट्टा आणि धारेचा दगडही लागतो. हिशोब तिघांचा मिळून मांडावा.

जर्मनीतील झोलिंगेन शहर पात्यांसाठी मशहूर आहे. बाहेरच्या मालावर ते नाव घालता येऊ नये म्हणून जर्मनीत १९३८ सालापासून कायद्याचे संरक्षण आहे. पण आपल्याकडील जुन्या बाजारात तो कायदा कोण विचारतो? म्हणून नावापेक्षा पाते पाहावे. काचेवर आडवे ठेवून ते डुगडुगले तर वाकलेले समजावे. धारेजवळ गंजाचे खड्डे असले तर कितीही घासा, धार करवतीसारखीच निघते. पाठ एका टोकाला जास्त झिजलेली असली तरी माल सोडून द्यावा. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीवरच ठरतो.

खरी गोम पट्ट्यात आहे, आणि येथे आम्ही कापडवाले थोड्या हक्काने बोलतो. पट्ट्याची एक बाजू कापडाची, दुसरी चामड्याची. दाढी करताना धारेचा अतिबारीक काठ मुडपतो. कापड तो पुसून काढते, चामडे सरळ करते. दाढीपूर्वी कापडावर २०-३० आणि चामड्यावर ४०-५० फेऱ्या पुरतात. पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला पोचल्यावर पाते पाठीवरूनच उलटायचे. नाहीतर पट्टा चिरतो. आमचा पहिला असाच गेला.

दुसरा घेतला तो ‘अस्सल लिनेन’ म्हणून. घरी आल्यावर सवयीने कडेचा धागा ओढून जाळला. लिनेन किंवा सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते (दोघांतला फरक मात्र जाळून कळत नाही). याची कडक गोळी झाली, म्हणजे पॉलिएस्टर! सारी उमर कापडात गेली आणि फसलो ते कापडातच. दुकानदाराने माल परत घेतला नाही. शेवटी आमच्याच दुकानातले घट्ट विणीचे सुती कॅनव्हास दुहेरी शिवून लावले. ते आजही काम देते.

पट्टा रोज फिरला तर दगडाची गरज काही महिन्यांनीच पडते. दगडावर मात्र चाल उलटी, तेथे धार पुढे.

दाढी गरम पाण्याने चांगली भिजवावी, कातडी ताणून धरावी, पाते साधारण ३० अंशांत तिरके ठेवून आधी केसांच्या दिशेने फिरवावे. सुरुवातीचे काही आठवडे फक्त गाल करावेत, हनुवटी आणि गळा नंतर. ज्या सकाळी गाडी गाठायची असेल त्या सकाळी आम्हीसुद्धा ब्लेडच घेतो. एक वस्तरा दोघांनी वापरू नये, बापलेकांनीही नाही. रक्तातून रोग जातात.

जुनी पाती बहुधा कार्बन पोलादाची, त्यांना पाण्याचा थेंबही सोसत नाही. पावसाळ्यात पाते कोरडे पुसून तेलाचा हात द्यावा आणि न्हाणीघराबाहेर ठेवावे.