स्वाध्यायातील उदाहरणे, भौतिकी व कलन यांतील

भौतिकी व कलन (अवकलन व समाकलन) यांच्या प्रारंभिक अभ्यासक्रमांतील उदाहरणे सोडविताना विद्यार्थ्यास पुष्कळदा साहाय्य लागते. उत्तर सांगणे हा या साहाय्याचा हेतू नसून विद्यार्थ्याचा विचार कोठे अडला हे शोधून तेवढीच पायरी सुगम करणे हा होय. हंगेरियन-अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज पोल्या (१८८७–१९८५) यांनी हाउ टू सॉल्व्ह इट (१९४५) या ग्रंथात चार टप्पे सांगितले आहेत : समस्या समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे व उत्तराचे पुनरवलोकन करणे.

उदा., २० मी./से. वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल? (गुरुत्वीय प्रवेग १० मी./से.² धरून व हवेचा रोध उपेक्षून). येथे पुष्कळ विद्यार्थी सर्वोच्च बिंदूपाशी प्रवेगही शून्य मानतात. वस्तुतः तेथे वेग क्षणमात्र शून्य होतो. प्रवेग कायम असतो, अन्यथा चेंडू खाली आलाच नसता. म्हणून सूत्र पुरविण्याऐवजी ‘तेथे नेमके काय शून्य होते?’ असे विचारणे इष्ट ठरते. क सेकंदांनंतरची उंची उ = २०क − ५क² मीटर असते. तिचा अवकलज २० − १०क म्हणजेच वेग; तो क = २ असताना शून्य होतो व उंची २० मी. मिळते. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरूनही हेच उत्तर येते, हा पडताळा चौथ्या टप्प्यात मोडतो.

आयते उत्तर उतरवून घेतल्यास गृहपाठ पुरा होतो. परंतु परिस्थिती थोडी बदलताच विद्यार्थी पुन्हा त्याच पायरीवर अडतो.