मान मोडून अभ्यास

मुलाचं कौतुक करायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. 'पोरगं काय अभ्यास करतंय! मान वर करत नाही!' हे ऐकलं की शेजारचे गृहस्थ आपल्या चिरंजीवांकडे रागाने पाहतात. मान मोडून काम करील तो कष्टाळू, खाली मान घालून जाईल तो गुणी. आपल्या भाषेने मानेकडून फार अपेक्षा केल्या आहेत. ही मान दुखूही शकते, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्या सदाशिव पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. प्लायवूडचा आडोसा, प्लॅस्टिकची खुर्ची, टेबलावर आडवं पडलेलं पुस्तक आणि पुस्तकावर मोबाइल. त्यातल्याच एका अभ्यासिकेत मराठवाड्यातून आलेला एक मुलगा बसतो. पदवीचं शेवटचं वर्ष आणि जोडीला स्पर्धा परीक्षेची तयारी, म्हणजे दिवसाचे दहा-बारा तास. त्याच्या गळ्यात पट्टा दिसला म्हणून मी चौकशी केली. पट्टा त्याने स्वतःच औषधाच्या दुकानातून आणला होता. 'घरी सांगितलंस का?' तर म्हणाला, 'नाही काका. वडिलांनी कर्ज काढलंय. दुखतंय म्हटलं तर परत ये म्हणतील.'

बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे कितीतरी अर्ज माझ्या टेबलावरून गेले. फी, वसतिगृह, पुस्तकं, संगणक असं सगळं त्यात मांडलेलं असे. धड खुर्चीसाठी पैसे मागणारा एकही अर्ज माझ्या पाहण्यात आला नाही.

आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोंचं असतं. मानेचे सात मणके आणि भोवतालचे स्नायू ते तोलून धरतात. डोकं पुढे झुकलं की तोल ढळतो आणि मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचं गणित मांडलं : मान ६० अंशांत वाकली की मणक्यांवर सुमारे २७ किलोंचा भार येतो. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्ष माणसांवरचं मोजमाप नव्हे. पण अंदाज येण्यापुरतं ते पुरेसं आहे.

म्हणून 'ताठ बस' असं दटावून भागेल का? गंमत अशी, की ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या हजारावर मुलांच्या बसण्याच्या ढबी तपासल्या, तेव्हा ढब आणि मानदुखी यांचा थेट संबंध दिसला नाही. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. पोक काढण्यापेक्षा तासन्‌तास एकाच स्थितीत राहणं आणि स्नायू दुबळे असणं यांकडे अधिक लक्ष द्यायला हवं, असं दिसतं.

स्नायूंचं बळ वाढवता येतं. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या १८० नोकरदार स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. मान आणि खांद्यांना ताकदीचा व्यायाम देणाऱ्या गटात ७३ टक्के स्त्रियांना चांगला आराम पडला. नुसतं ताणणं आणि चालणं-फिरणं यांचा सल्ला मिळालेल्या गटात २१ टक्क्यांना. हे २००३ सालचं. पुढे २०११ साली डेन्मार्कमध्ये रबरी पट्टा ताणण्याचा रोज अवघ्या दोन मिनिटांचा व्यायामही दहा आठवड्यांत उपयोगी ठरला. ही माणसं कचेरीतली होती, विद्यार्थी नव्हेत; पण टेबलाला जखडलेली मान दोघांची सारखीच.

करायचं काय? दर अर्ध्या तासाने उठावं, पाण्याची बाटली भरून आणावी. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यावी, पाच अंक मोजावेत, असं दहादा. तळहात कपाळाला लावून डोक्याने हलकेच रेटावं, हाताने अडवावं. मग तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. खांद्याची पाती मागे आवळावीत. पुस्तक उतरतं ठेवावं. आपल्या आज्या पोथी लाकडी घडीच्या आसनावर ठेवून वाचत, ते उगीच नव्हे. पट्टा दीर्घकाळ वापरला तर स्नायू आणखी आळशी होतात. आणि सलूनमध्ये 'कडकन' मान मोडून घेणं तर सोडूनच द्यावं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यातून इजा होऊ शकते.

हाताला मुंग्या येऊ लागल्या, पकड सुटू लागली, चालताना तोल जाऊ लागला, ताप असला किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर व्यायामाच्या भानगडीत न पडता डॉक्टरच गाठावा.

गावाकडून दिवाळीच्या फराळाचा डबा येतो, तेव्हा त्यासोबत पुस्तक ठेवायचं एक लाकडी आसनही यावं. गावचा सुतार ते एका दुपारी करून देईल. आणि फोनवर 'अभ्यास कसा चाललाय?' एवढंच विचारून थांबू नये. 'काही दुखत-खुपत नाही ना?' हेही विचारावं. त्या प्रश्नाची वाट पाहत बसलेली मुलं या पेठेत पुष्कळ आहेत.