फोटोत न मावणारी जखम

एका वाचकाने विचारलं आहे: वडिलांना मधुमेह आहे, तळपायाला जखम झाली आहे, गावाहून शहरात दर आठवड्याला नेणं जमत नाही, मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवला तर चालेल का? माझ्या मते चालेल, पण फोटो काढणाऱ्याने त्याआधी तो पाय हातात घेऊन तपासलेला असला पाहिजे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा जखमांचे मोबाइलवरचे फोटो तज्ज्ञांना दाखवून त्यांची मतं प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहिली होती. मेळ इतका कमी बसला की नुसत्या फोटोवर निदान करू नये, असाच निष्कर्ष निघाला. हे समजण्यासारखं आहे. फोटोत जखमेचा पृष्ठभाग दिसतो, पण या आजारात निर्णायक गोष्टी खाली दडलेल्या असतात. पायाच्या पाठीवरची नाडी लागते का, हे बोटांनाच कळतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आहे का, हे पालथा हात लावून किंवा थर्मामीटरने कळतं. कडेचा कडक घट्टा तासल्याशिवाय त्याखाली जखम किती पसरली आहे ते उमगत नाही. जखम खोल असेल तर निर्जंतुक, बोथट सळई अलगद आत घालून टोकाला हाड लागतं का ते बघतात. लागलं तर हाडापर्यंत संसर्ग पोचल्याची शंका घ्यावी लागते. सावळ्या कातडीवरची लाली तर फोटोत सहज हरवते. शिवाय पायाची संवेदना गेलेला रुग्ण ‘दुखत नाही’ म्हणतो, ते खरंच असतं, आणि धोका तिथेच असतो.

मग दूरवैद्यक निरुपयोगी समजायचं का? तसं नाही, आणि इथे दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. डेन्मार्कमध्ये 374 रुग्णांवर झालेली चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. काहींच्या तीनपैकी दोन भेटी घरूनच, दूरसंपर्काने झाल्या. बाकीचे नेहमीप्रमाणे दवाखान्यात येत राहिले. जखमा भरण्यात आणि अवयव कापावा लागण्यात लक्षणीय फरक पडला नाही. मृत्यू मात्र दूरवैद्यकाच्या गटात 8 आणि दुसऱ्या गटात 1 झाला. संशोधकांना याचा उलगडा झाला नाही. आकडे लहान आहेत, त्यावरून पद्धतीलाच दोषी धरणं घाईचं होईल. पण ते झटकूनही टाकता येत नाहीत. पायाला जखम झालेल्या मधुमेहीचं हृदय आणि मूत्रपिंडही बहुधा थकलेलं असतं. सगळ्यांचं लक्ष जखमेच्या चित्रावर खिळलं की आख्खा माणूस नजरेआड होण्याची भीती असते, ती मला खरी वाटते. नॉर्वेच्या पश्चिम भागातली, 182 रुग्णांवरची चाचणी 2018 साली आली. तिथे गावातल्या परिचारिकांना विशेषज्ञांशी जोडणारी जखमेची सामायिक नोंदवही होती. जखमा भरायला दोन्ही गटांत जवळपास सारखाच वेळ लागला, पण अवयव कापावा लागण्याचं प्रमाण 14.8 टक्क्यांऐवजी 6.4 टक्के राहिलं.

यावर आक्षेप येतो: शिकलेली परिचारिका हाताशी असेल तर फोन हवाच कशाला? फोन हवा, कारण जखम चार दिवसांत रूप बदलते आणि पुढची तारीख महिन्याची असते. आज ड्रेसिंग बदलायचं, की पायावरचा भार काढायचा, की लगेच शहरात धाडायचं, हे ठरवताना तिला एकटं वाटता कामा नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नॉर्वेसारख्या परिचारिका आपल्याकडे आणायच्या कुठून? पण ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेत उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवूनच दूरच्या डॉक्टरशी बोलतो. म्हणजे अलीकडच्या टोकाला माणूस आहेच, त्याला पाय तपासायला शिकवणं राहिलं आहे. हे अशक्य नाही. नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांचा सहभाग असलेल्या, मधुमेहींच्या पायांच्या काळजीसाठीच्या ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमात डॉक्टर आणि परिचारिका यांना जोडीनेच शिकवलं गेलं. तमिळनाडूतल्या चुनमपेट परिसरात डॉ. व्ही. मोहन यांच्या प्रकल्पाची उपग्रहाने जोडलेली गाडी 2006 पासून गावोगाव फिरली, तेव्हा तिच्यात कॅमेऱ्याबरोबर पायाची संवेदना आणि रक्तप्रवाह मोजणारी उपकरणंही होती. पायाची संवेदना तपासायचा, दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा म्हणजे मोनोफिलामेंट तर त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

तेव्हा पत्रलेखकाने पहिली तपासणी प्रत्यक्षच करवून घ्यावी: नाडी, संवेदना, सळईची चाचणी आणि गरज पडल्यास एक्स-रे. त्यानंतरच्या काळात उपकेंद्रातून फोटो पाठवायला हरकत नाही. जखम धुऊन, शेजारी मोजपट्टी ठेवून, दर वेळी त्याच कोनातून फोटो काढावा आणि सोबत त्या दिवशीचा ताप, साखर आणि दोन्ही पायांच्या उष्णतेतला फरक लिहावा. पायावर वर चढत जाणारी सूज, दुर्गंधी, काळं पडलेलं बोट किंवा थंडी वाजून आलेला ताप, यांतलं काहीही दिसलं तर फोटोची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.