आधी पंचांग, मग पिशव्या

दिवाळी उलटली की गोव्यातल्या नद्या निवळतात. लाल पाणी समुद्राला जाऊन मिळालेले असते, वारा दुपारपर्यंत गप्प असतो आणि खारफुटीच्या कडेने वल्हवत जाणारी एखादी कयाक किंवा कनू दिसू लागते. कळंगुट-बागाच्या जेट स्कीपासून हे जग फार लांब नाही, पण वेगळे आहे. पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडच्या दोन तालुक्यांत तर अशा संथ प्रवासासाठी नद्याच नद्या: महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहणारी तेरेखोल, दोन्ही तालुक्यांना शिवून जाणारी शापोरा, साखळीची वाळवंटी, आणि नार्वे-दिवाडीच्या मधून वाहणारी मांडवी.

होडीतून दोन-तीन दिवस भटकायचे, सामान होडीतच वाहायचे आणि रात्री काठावर झोपायचे, हा छंद कॅनडा-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. ओंटारिओतले अल्गॉनक्विन उद्यान 1893 साली स्थापन झाले. तिथे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना होडी खांद्यावर घेऊन जंगलातून चालावे लागते, म्हणून सामानातला प्रत्येक किलो मोजला जातो. मिनेसोटाच्या बाउंडरी वॉटर्स भागात एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे आणि चारपेक्षा जास्त होड्या चालत नाहीत, काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे न्यायला बंदी आहे. अस्वलापासून वाचवण्यासाठी शिधा रात्री झाडाला टांगून ठेवतात. सामानाच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात त्या अशाच ठिकाणी तयार झाल्या आहेत. गोव्यातला हौशी माणूस त्याच याद्या घेऊन दुकानात जातो, आणि तिथेच चूक होते. या काठांवर अस्वलाची धास्ती नाही, बर्फाचे पाणी नाही, होडी खांद्यावर घ्यायची वेळही सहसा येत नाही. इथे भरती-ओहोटी आहे, आणि चोहीकडे पाणी असून पिण्याजोगा घोट नाही.

म्हणून गोव्यातल्या तयारीची सुरुवात पंचांगापासून करावी. कोकणपट्टीत जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर. हा अंदाज झाला. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, त्यांत मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात. मात्र मुरगावची वेळ म्हणजे शापोऱ्याच्या वरच्या अंगाच्या इब्रामपूरची वेळ नव्हे. नदीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. मांडवीत तर ती मुखापासून जवळपास पन्नास किलोमीटर आत, गांज्याच्या आसपासपर्यंत जाणवते.

आता यात वारा मिसळा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी खारा वारा समुद्रावरून आत येतो. म्हणजे सकाळी ओहोटीबरोबर खाली जायचे आणि दुपारी भरती व वारा दोन्ही पाठीशी घेऊन परतायचे, असा दिवस मिळाला तर अर्धे श्रम नदीच करते. असा दिवस कोणता? सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होते तो, म्हणजे साधारण अष्टमी ते द्वादशी. योग असा की अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा जोर उधाणापेक्षा बराच कमी. उधाणाच्या दिवशी मुरगावला पाणी सव्वादोन मीटरच्या आसपास चढ-उतार करते. तेवढे पाणी अरुंद खाडीतून आत-बाहेर जाताना जी ओढ लागते ती नवख्याला झेपत नाही. साधा वल्हवणारा ताशी चार-पाच किलोमीटर जातो. समोरून ताशी अडीच किलोमीटरचा प्रवाह आला की वेग निम्मा होतो, आणि हात तितकेच दुखतात.

तिथी चुकली तर तंबू कितीही महागडा असला तरी उपयोग नाही.

शापोऱ्याचेच उदाहरण घेऊ. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातून तिळारी म्हणून येणारी ही नदी गोव्यात शापोरा होते. 2016 च्या कायद्याने तिला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 25 असा दर्जाही मिळाला आहे. वरच्या अंगाला एका काठावर डिचोलीतले साळ, दुसऱ्या काठावर पेडण्यातले इब्रामपूर. पुढे कोलवाळ-धारगळच्या महामार्गाच्या पुलाखालून ती रुंदावत जाते, कामुर्ली, ओशेल, शिवोली एका बाजूला आणि चोपडे दुसऱ्या बाजूला ठेवून मोरजीजवळ समुद्राला मिळते. एवढ्याशा प्रवासात तीन वेगळ्या नद्या भेटतात म्हणा ना. वरची नदी तिळारी धरणाच्या पाण्यावर अवलंबून: ऑगस्ट 2019 मध्ये मुसळधार पावसात धरणातून पाणी सोडल्यावर साळ, इब्रामपूर परिसरात पूर शिरला होता. कोरड्या दिवसांतही वरच्या भागात उतरायच्या आधी गावात पाण्याची चौकशी करावी. मधली नदी खाजनांची, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेतांची. बांधातल्या मानशीची दारे ज्या वेळी पाणी आत-बाहेर सोडतात त्या वेळी तिथली ओढ होडी खेचून नेऊ शकते, त्यामुळे मानशीपासून लांब राहावे. खुंट रोवून लावलेली जाळीही इथेच असतात. खालची नदी मुखाची. तिथे वाळूचा दांडा आणि फुटणाऱ्या लाटा, म्हणून सपाट होडीने चोपड्याच्या पुलापाशी थांबलेले बरे.

मांडवीचा डिचोलीकडचा काठ वेगळ्या कारणाने जपून राहण्याचा. सारमानस, आमोणे या भागातून खनिजाच्या बार्ज चालतात. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. 2024 पासून डिचोलीत खनिज पुन्हा हलू लागले. बार्ज झटकन वळत नाही आणि लवकर थांबतही नाही. तिच्या मागून येणारी लाट होडीच्या काठावरून आत येते. फेरीचेही तेच: फेरी येताना दिसली की काठाकडे सरकायचे, तिच्यापुढून ओलांडायचे नाही. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय होडी नेता येत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत आणि ही गोष्ट गोवेकरांना सांगावी लागत नाही.

सामानाकडे वळू. सगळ्यांत जड वस्तू पाणीच असते. उन्हात वल्हवणाऱ्या माणसाला दिवसाला चार लीटर तरी लागते. दोघांचे दोन दिवसांचे पाणी म्हणजे सोळा किलो. खाडीचे पाणी गाळून, उकळून, गोळ्या टाकूनही पिता येत नाही, कारण मीठ तसेच राहते. कॅनडातली यादी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र सांगते, इथे ते घरीच ठेवावे आणि कॅन भरून घ्यावेत. एकाऐवजी दोन-तीन लहान कॅन बरे. एक फुटला तरी बाकीचे उरतात आणि वजन वाटून ठेवता येते. हे वजन होडीच्या मधोमध, तळाला. त्याच्या पुढे-मागे हलक्या पिशव्या. सामान भरून दोघे बसल्यावर होडी बाजूने पाहावी: नाक वर उचलले गेले असेल तर वारा ते फिरवत राहील, खाली गेले असेल तर लाट आत येईल. पाण्यापासून काठ निदान सहा इंच वर राहायला हवा. राहत नसेल तर सामान कमी करायचे. यावर वाद नाही.

पाण्यापासून जपण्याची वस्तू पाण्याजवळ ठेवायची असते ही या छंदातली खरी अडचण. बाजारात गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅग मिळतात. त्या नसतील तर फिरकीच्या झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा आणि आत बांधलेली दुहेरी पिशवी हे चालते. हवा राहिलेली बंद पिशवी होडी उलटली तर तरंगायला मदत करते. म्हणून पिशव्या होडीला आखूड दोरीने बांधाव्यात, पण लांब मोकळ्या दोऱ्या सोडू नयेत, पायात अडकतात. हाताशी राहायला हव्यात त्या गोष्टी फार थोड्या: जॅकेटला बांधलेली शिट्टी, पाणी उपसायला कापलेला कॅन, एक जादा वल्हे, पंधरा-वीस हात दोरी, सुरी, बॅटरीचा दिवा. लाइफ जॅकेट पिशवीत नव्हे, अंगावर.

कपड्यांबाबत परदेशी सल्ला अर्धाच खरा. थंड पाण्यात सुती कपडा जिवावर बेततो, म्हणून तिकडे तो वर्ज्य आहे. गोव्याच्या उन्हात ओला सुती सदरा दिवसा सुखाचाच वाटतो. पण इथल्या दमट हवेत तो रात्रीपर्यंत सुकत नाही आणि अंग घासून सोलते. पूर्ण बाह्यांचा पातळ, लवकर सुकणारा कपडा आणि रात्रीसाठी एक कोरडा जोड, एवढे पुरे. पायात मात्र जाड तळव्याचे बूट किंवा पट्ट्याच्या चपला हव्यातच. खडकांवर, धक्क्यांवर चिकटलेली कालवे पाय फाडतात, आणि ओहोटीला उतरावे तर गुडघाभर चिखल. उतरण्याची जागा म्हणूनच आधी ठरवावी. फेरीचा उतार किंवा गावचा धक्का सर्वांत सोयीचा.

जेवणाचे फार कौतुक नको. निघताना घरी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाकरी किंवा पाव, सुके पोहे, गूळ-शेंगदाणे, केळी. ओआरएसची पाकिटे भरपूर. काठाच्या जमिनी बहुतेक खासगी किंवा कोमुनिदादीच्या असतात, त्यामुळे तंबू टाकण्याआधी मालकाची किंवा गावची परवानगी, आणि खाजनाच्या बांधावर चूल पेटवायची नाही.

किती न्यावे याचे मोजमाप शोधायचे तर नार्व्यातून फेरीने पलीकडे दिवाडीला जावे. तिथल्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलाची ‘म्हादई’ ही शिडाची नौका बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये चार थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईहून निघून कुठेही न थांबता 31 मार्च 2013 ला परतले. त्यांना पाच महिन्यांचे सगळे नौकेतच भरून न्यावे लागले. नदीतल्या प्रवाशाची गोष्ट उलटी. शापोऱ्यावर कुठेही असा, तासाभरात एखादे गाव लागते. मुंबईचे कौस्तुभ खाडे 2015 साली एकट्याने कयाकमधून गोव्यापर्यंत आले. पुढे त्यांनी द्वारका ते कन्याकुमारी असे सुमारे तीन हजार किलोमीटर कापले, तेव्हा जोडीदार शांजली शाही किनाऱ्याने सायकलवरून सोबत होत्या. जमिनीवर आपले माणूस असणे ही सामान कमी करण्याची उत्तम युक्ती आहे.

ते माणूस बरोबर येत नसेल तर निदान घरी असावे. कुठून उतरणार, कुठे लागणार, किती जण, होडीचा रंग कोणता आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास शोध सुरू करायचा, हे कागदावर लिहून त्याच्याकडे द्यावे. आपत्कालीन क्रमांक 112, आणि खाडीच्या मुखाशी किंवा समुद्रात अडकल्यास तटरक्षक दलाचा 1554.

पावसाळ्यात या सगळ्याचा विचारच करू नये. शिकायचे असेल तर दोनापावला येथे राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे होडी हाताळण्याचे आणि जीवरक्षणाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळते. पहिल्या खेपेला तंबू नेऊ नका. भांगाचा एखादा दिवस पाहून, दोन कॅन पाणी आणि जेवणाचा डबा घेऊन सकाळी निघा, दुपारच्या भरतीने परत या आणि पिशवीतले काय काय उघडलेच गेले नाही ते पाहून पुढची यादी करा.