स्वयंचलित गिअरपेटी आणि तेलाची साक्ष

नागपूरकडून येणारा ग्रेट ईस्टर्न रोड रायपूर शहरात शिरून तात्यापारा चौकाशी पोहोचतो आणि तेथून शारदा चौकाकडे जाताना इतका आकसतो की, तो रुंद करावा ही मागणी आज कित्येक वर्षे नागरिकांच्या अर्जांत आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांत जिवंत आहे. सायंकाळी या पट्ट्यातून मोटार चार हात पुढे जाते, थांबते, पुन्हा चार हात सरकते. आणि मे महिन्यात हवेचे तापमान ४२ अंशांच्या वर गेलेले असताना हाच क्रम अर्धा तास चालला, तर स्वयंचलित गिअरपेटीच्या तेलाची जी परीक्षा होते ती मोकळ्या हमरस्त्यावरच्या शंभर कोसांच्या प्रवासातही होत नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात रुजलेल्या मराठी समाजाच्या या जुन्या वस्तीत आता स्वयंचलित मोटारी घरोघर आल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही आली आहे: इंजिन ओरडते, परंतु गाडी उठत नाही. कारागिराच्या भाषेत ‘गाडी स्लिप मारते’. आणि या तक्रारीवर पुष्कळदा जे उत्तर मिळते ते असे की, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो उतरविण्याचा हुकूम देण्यापूर्वी मालकाने थोडी चौकशी स्वतः करावी, कारण या रोगाची कित्येक कारणे पेटीच्या पोटात नसून तिच्या बाहेर, आणि अल्प खर्चात हाती येण्याजोगी असतात.

चौकशीचा पहिला प्रश्न असा की, आपली मोटार नेमक्या कोणत्या जातीची स्वयंचलित आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ बाजारात आली तेव्हापासून आपल्याकडे ‘एएमटी’ नावाची जी व्यवस्था रूढ झाली, ती मुळात साधी, हाताने बदलण्याचीच गिअरपेटी होय. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्राकडे सोपविलेले असते. तिच्यातील क्लच प्लेट कोरडी असते, आणि अशी गाडी स्लिप मारू लागली तर इलाजही साध्या गाडीचाच: संगणकातील क्लचची नोंद नव्याने जुळवून पाहणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर क्लच प्लेटचा संच बदलणे. चढावर ब्रेक न लावता केवळ ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय ही प्लेट अकाली जाळते. सीव्हीटी जातीत दोन कप्प्यांमधून पोलादी पट्टा फिरतो, आणि तिचे तेल अगदी निराळ्या गुणधर्मांचे असते; त्यात सामान्य तांबडे तेल ओतणे म्हणजे पट्टा आणि कप्पी या दोहोंचा नाश ओढवून घेणे होय. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत छापलेले तेलाचे नाव हा या सर्व व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज समजावा.

उरली ती मूळची, टॉर्क कन्व्हर्टरची जात. आणि पुढील विवेचन मुख्यतः तिच्यासंबंधी आहे. द्रवाच्या द्वारा एका चाकाची गती दुसऱ्या चाकास देण्याची कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट केली, ती मोटारीकरिता नव्हे तर जहाजाकरिता; अतिवेगाने फिरणारे वाफेचे टर्बाइन आणि सावकाश फिरणे ज्याला मानवते असा पंखा यांचा मेळ त्याला घालावयाचा होता. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारीत जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ ही पेटी बसविली, आणि द्रवसंयोजन, ग्रहमालेप्रमाणे एकमेकांभोवती फिरणारी दंतचक्रे व तेलाच्या दाबाने मिटणारे क्लच हे त्रिकूट प्रथमच मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आले. आजच्या पेटीत संगणक आला, गिअरांची संख्या वाढली. परंतु अंतर्यामीची रचना तीच आहे.

या रचनेचे मर्म क्लचमध्ये आहे. कागदी तंतूंचे अस्तर चिकटविलेल्या चकत्या आणि नितळ पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात; त्यांवर तेलाचा दाब आला की एक दट्ट्या त्यांना आवळतो, आणि त्या एकजीव होऊन विशिष्ट गिअर सिद्ध होतो. म्हणजे ज्या तेलात त्या बुडालेल्या असतात, तेच तेल त्यांना आवळते, तेच त्यांची उष्णता वाहून नेते आणि तेच दंतचक्रांना वंगण पुरविते. दाब उणा पडला की आवळ सैल होते, चकत्या घसरतात. घसरल्या की तापतात, आणि त्या तापाने तेल अधिक पातळ होऊन दाब आणखी उणा पडतो. या दुष्टचक्राचा वेग किती असावा, याचे गणित सोपे आहे. १०० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) वाहणारा क्लच मिनिटाला ५०० फेऱ्यांनी घसरत असेल, तर तेथे सुमारे ५ किलोवॅट उष्णता निर्माण होते. घरातील स्नानाचे पाणी तापविणारे २ किलोवॅटचे अडीच गीझर तळहाताएवढ्या जागेत एकाच वेळी चालू केल्यासारखे ते आहे. म्हणूनच स्लिप मारणारी गाडी ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून चालवीत राहणे हा सर्वांत महागडा निर्णय ठरतो. आज जो दोष लिटरभर तेलाने निवारता येईल, तोच काही आठवड्यांत अस्तर जाळून पेटी खरोखरच उतरवावयास लावतो.

आता पुरावा गोळा करावयाचा. घसरण एकाच गिअरमध्ये होते की सर्वांत? एकाच गिअरमध्ये असेल तर संशय त्या गिअरच्या क्लचवर, त्याच्या सीलवर किंवा त्याला तेल सोडणाऱ्या सोलेनॉइडवर जातो. सर्वांत असेल तर जे सर्वांना सामाईक आहे त्यावर, म्हणजे तेलाची पातळी, गाळणी आणि पंप यांवर. वळण घेताना किंवा जगदलपूरच्या वाटेवरील केशकाल घाटासारख्या चढावरच गाडी सुटते का? तसे असेल तर तेल कमी असण्याचा संभव मोठा, कारण कलंडलेल्या तेलापासून शोषनळीचे तोंड उघडे पडते, पंप हवा ओढतो, आणि हवेचा फेस दाबला जात असल्यामुळे क्लच आवळला जात नाही. सकाळी थंड गाडी ‘डी’मध्ये टाकल्यावर ती क्षणभर रेंगाळते आणि मग सुरळीत चालते, हे पुष्कळदा कमी तेलाचे किंवा कडक झालेल्या सीलचे लक्षण; उलट थंड असता ठीक आणि दुपारी तापल्यावर सैल, असे असेल तर पातळ झालेले तेल झिजलेल्या सीलमधून निसटत आहे असे समजावे. हा तपशील वहीत टिपून कारागिराच्या हाती द्यावा. चांगला कारागीर त्याचे स्वागतच करतो.

सर्वांत बोलका साक्षीदार मात्र स्वतः तेलच होय. बहुसंख्य गाड्यांत सपाट जागी, पेटी तापलेली आणि इंजिन चालू असताना डिपस्टिक पाहतात. काहींत इंजिन बंद करून लगेच पाहावयाची असते. आणि अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, तेथे ठरावीक तापमानाला तपासणीचे बूच उघडावे लागते. पुस्तिका सांगेल तोच विधी पाळावा. नवे तेल बहुधा तांबडे व पारदर्शक असते. ते तपकिरी झाले असेल तर म्हातारे झाले. काळे आणि करपलेल्या वासाचे असेल तर अस्तर जळू लागले. गुलाबी दुधासारखे दिसले, तर रेडिएटरमधील शीतक नळी फुटून पाणी तेलात मिसळले आहे, आणि अशा वेळी गाडी एक मैलही हाकू नये, कारण ते मिश्रण अस्तराचा गोंद सोडविते. तळपात्रातील चुंबकावर बारीक राखाडी गाळ साचणे स्वाभाविक. पण चकाकणारे धातूचे कण किंवा अस्तराचे तुकडे दिसले, तर स्वस्त उपायांची आशा सोडावी.

तेल कमी निघाले तर ते गेले कोठे हे शोधल्यावाचून नुसती भर घालणे व्यर्थ. तळपात्राचे गॅस्केट, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची सीले आणि शीतकाच्या नळ्यांचे जोड ही गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत, आणि तेथील दुरुस्ती पेटी न उघडता होते. तेल पुरेसे असूनही दोष राहिला, तर संगणकाची जबानी घ्यावी. पेटीत येणारी आणि पेटीतून जाणारी गती तो मोजीत असतो; १.५ प्रमाणाच्या गिअरमध्ये आत ३००० फेऱ्या असता बाहेर २००० याव्यात, त्याऐवजी १८०० आल्या की त्याला घसरण कळते आणि ‘पी ०७३०’ यासारखा संकेतांक तो नोंदवितो. ‘पी ०७४०’ हा कन्व्हर्टरमधील लॉकअप क्लचच्या विद्युत्-मार्गाकडे बोट दाखवितो; तेथे एखादा गंजलेला जोड किंवा एक सोलेनॉइड एवढाच अपराधी निघू शकतो. संकेतांक हा संशय होय, निवाडा नव्हे. निवाडा दाबमापक लावूनच करावा. ब्रेक दाबून इंजिन पूर्ण वेगाने फिरविण्याची स्टॉल चाचणी काही सेकंदांतच तेल उकळवू शकते, म्हणून ती जाणत्या हातांवाचून कोणी करू नये.

बाटलीतून मिळणाऱ्या ‘स्लिप थांबविणाऱ्या’ औषधांविषयी माझे मत स्पष्ट आहे. त्यांतील काही द्रव्ये कडक झालेले सील फुगवितात, म्हणून सीलचाच दोष असेल तर तात्पुरता आराम पडतो. परंतु जळालेले अस्तर कोणतेही द्रव्य परत उगवू शकत नाही. तेलबदलाची गोष्ट वेगळी. बूच काढल्यावर बहुधा एकतृतीयांश ते निम्मेच तेल बाहेर येते, कारण बाकीचे कन्व्हर्टरात आणि नळ्यांत अडून राहते; म्हणून जुन्या पेटीत दाबयंत्राने सर्व तेल एकदम धुऊन काढण्यापेक्षा गाळणी व गॅस्केट बदलून, काही शे किलोमीटरांच्या अंतराने दोन-तीनदा हा विधी करणे मला अधिक सुरक्षित वाटते. निघालेले तेल मापून तेवढेच नवे घालावे, आणि गाडी तापवून पातळी पुन्हा पाहावी. अधिक झालेले तेलही फिरत्या चक्रांत घुसळून फेसाळते.

इतके करूनही घसरण कायम राहिली, तर पेटी उतरविण्यास खुशाल संमती द्यावी. मात्र जळालेल्या चकत्या समक्ष पाहाव्या, सर्व सीले नवी घालण्याचा आणि शीतक व त्याच्या नळ्या धुण्याचा करार आधी लेखी करून घ्यावा, कारण त्या नळ्यांत अडकलेला जुना गाळ नव्या पेटीत परत उतरला तर सारा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.